चावी मी दिली होती

माझी शाळेची व्हॅन काळविटाच्या शिकारीत पकडली गेली, हे मला एका रविवारी सकाळी मेथी निवडताना कळलं. फोनवर अनोळखी तरुण आवाज होता. "ताई, पिवळी स्कूल व्हॅन तुमच्या नावावर आहे का?" मी हो म्हटलं. मला वाटलं अपघात झाला. विचारलं, "माझा भाऊ बरा आहे ना?"

"तो बरा आहे," आवाज म्हणाला. "हरीण मेलंय."

बोलणारा वनरक्षक होता. येवल्याच्या पलीकडं, आमच्या माहेरच्या बाजूला माळरानावर काळविटं आहेत. त्या माळावरून येणाऱ्या कच्च्या रस्त्यावर त्यांनी पहाटे गाडी अडवली होती. आत माझा धाकटा भाऊ, त्याचे दोन मित्र आणि एक मजूर. मित्र पळाले, भाऊ आणि मजूर सापडले. मधल्या सीटखाली, गोणपाटात गुंडाळलेलं काळवीट.

मी नाशिक रोडला राहते. तेव्हा अकरा वर्षं मी मुलांची ने-आण करत होते. सुरुवातीला कॉलनीतले लोक विचारायचे, बाई चालवते? पुढं तेच लोक बाई चालवते म्हणून माझ्याकडं जागा रिकामी व्हायची वाट बघायला लागले. मुलं मला मावशी म्हणायची. कोणाला गाडी लागते, कोण डबा न खाता परत आणतं, कोणाचं कोणाशी भांडण आहे, हे मला त्यांच्या आयांच्या आधी कळायचं. या गाडीवर मी फार माज केलाय. दर रविवारी स्वतः धुवायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाही.

भावाला मात्र दिली. तो शनिवारी दुपारी एसटीनं आला. म्हणाला, गावातल्या एकाचा साखरपुडा आहे, पाव्हण्यांना वैजापूरला न्यायचंय, उद्या संध्याकाळी गाडी आणून देतो. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीतून एक मोठी बॅटरी डोकावत होती, कलिंगडाच्या फोडीएवढ्या तोंडाची. मी विचारलं, "साखरपुड्याला बॅटरी कशाला?"

तो हसला. "ताई, गावाकडच्या लायटीचं काय खरं हाय?"

मी चावी दिली.

इथं मला खरं लिहायचंय, कारण पुढचं सगळं याच्यावरच अडलं. मला शंका आली होती. आमच्या घरात लहानपणी ससा यायचा, तितर यायचे. वडील आणायचे. आई घरातल्या चुलीवर ते शिजवू द्यायची नाही, म्हणून अंगणात तीन दगड मांडून वेगळ्या पातेल्यात शिजायचं, आणि आम्ही भावंडं पातेल्याभोवती बसून राहायचो. मीही खाल्लंय, आवडीनं खाल्लंय. भावानं वडिलांचा नाद उचलला होता, हे मला माहीत होतं. गेली काही वर्षं सोडलाय असं तो म्हणायचा आणि मी मानून चालले होते. बॅटरी बघून तो नाद पुन्हा आठवला. पण भाऊ दारात उभा, चहा पिऊन झालेला, एसटीनं आलेला. एवढ्यावरून त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं कसं?

नवऱ्याबरोबर मी त्या बाजूच्या वनखात्याच्या ऑफिसात गेले. गाडी लिंबाच्या झाडाखाली उभी होती, दारांना कागद चिकटवून सील केलेली. काचेतून आत बघितलं. सीटखाली काळपट डाग आणि शेजारी एका मुलीची निळी पाण्याची बाटली. शुक्रवारी ती विसरून गेली होती आणि मी सोमवारी देते म्हणाले होते. मी वनरक्षकाला म्हटलं, निदान तेवढी बाटली काढू द्या. तो म्हणाला, "ताई, आता सगळा मुद्देमाल आहे. बाटलीसुद्धा पंचनाम्यात लिहिलीय."

घरी येताना नवरा म्हणाला, "पालकांना सांग, गाडी कामाला टाकलीय. चार दिवसांत बघू." तो वाईट माणूस नाही, भांडण टाळणारा आहे. मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, "माझी गाडी वनखात्यानं जप्त केली आहे. माझ्या भावानं नेली होती. तिच्यात मारलेलं काळवीट सापडलं. उद्यापासून मी मुलांना नेऊ शकत नाही." संध्याकाळपासून एकेक जण ग्रुप सोडत गेला. एका आईनं फोन केला. रागावली नव्हती, म्हणूनच जास्त लागलं. म्हणाली, "ताई, माझी मुलगी त्याच सीटवर बसते हो." निळी बाटली तिच्याच मुलीची होती.

भावाला जामीन मिळाला. मी शिकवण्यांच्या मुलांसाठी दुसऱ्याची रिक्षा चालवू लागले. काही महिन्यांनी पोस्टानं आदेश आला. त्यात लिहिलं होतं, की मालकास कारणे दाखवा नोटीस बजावली, मालकानं मुदतीत म्हणणं मांडलं नाही, सबब वाहन सरकारजमा करण्यात येत आहे.

मी तो कागद उभ्याउभ्या तीनदा वाचला. मला नोटीस आलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन फाइल मागितली. नोटिशीवर पोच होती, भावाची सही आणि खाली 'बहिणीकरिता' असं लिहिलेलं. तिथल्या कारकुनाला मी विचारलं, "गाडी कोणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या."

"मग नोटीस याला का?"

"बाईच्या नावावर नुसतं रजिस्ट्रेशन असतं हो. वापरणारा माणूस दुसराच असतो."

"अकरा वर्षं त्या गाडीचं स्टिअरिंग माझ्या हातात आहे," मी म्हटलं. "माझं लायसन्स बघा. हातावरचे घट्टे बघा."

त्यानं यातलं एकही बघितलं नाही. मी भावाला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "तुला टेन्शन नको म्हून सही केली, ताई. म्हनलं आपनच बघू." त्यानं काहीच बघितलं नव्हतं. नोटीस कपाटात ठेवून दिली होती.

अपिलाला महिन्याची मुदत होती. कॉलनीतल्या ओळखीनं एक वकील मॅडम मिळाल्या, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, भरभर बोलणाऱ्या. नाशिकच्या कोर्टात अपील दाखल झालं. चार-पाच तारखा नुसत्याच पडल्या. ज्या दिवशी सुनावणी झाली, त्या दिवशी ती पाव तासात संपली. सरकारी वकील म्हणाले, नोटीस भावाला दिली आहे, एकच कुटुंब आहे. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बहीण नाशिक रोडला, भाऊ येवल्याकडं. एकच कुटुंब कसं? आणि भाऊ म्हणजे मालक का?" आमच्या मॅडम म्हणाल्या, "मालक इथं उभी आहे, सर." मी मागच्या बाकाजवळून हात वर केला, शाळेतल्यासारखा. आदेश रद्द झाला. मालकाला नोटीस द्या, तिचं म्हणणं ऐका आणि नव्यानं निर्णय घ्या, असं सांगून कोर्टानं प्रकरण वनखात्याकडं परत पाठवलं.

बाहेर आल्यावर मी मॅडमना म्हटलं, "जिंकलो ना?"

"अर्धं," त्या म्हणाल्या. झाडाखाली उभ्या राहून त्यांनी मला कायदा समजावला. शिकारीत वापरलेली गाडी परत हवी तर मालकानं दाखवायचं असतं, की मला माहीत नव्हतं आणि मी काळजी घेतली होती. एवढ्यावर भागत नाही. ज्याच्या ताब्यात गाडी दिली, त्यालाही माहीत नव्हतं, त्यानंही काळजी घेतली होती, हेही दाखवावं लागतं. "तुमचा भाऊ तर स्वतः शिकारीला गेला होता. तिथं आपण अडकतो. गाडी कोणी न विचारता नेली असती, तर गोष्ट वेगळी असती." त्यांनी फाइल बंद केली. "काय बोलायचं हे मी तुम्हाला शिकवणार नाही. फक्त कायदा सांगितला."

हे त्यांनी मला सांगितलं, आणि गावात भावाच्या वकिलानं त्याला सांगितलं असणार. कारण आठच दिवसांत आईचा फोन आला, एकदा येऊन जा.

गेले. आई, भाऊ आणि मी ओट्यावर बसलो. भावानं सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. मजूर डोंगरातला, सुरगाण्याकडचा होता, मका सोंगायला आलेला, आमच्याच शेतावर झोपडी टाकून राहत होता. मी ऑफिसात असं सांगायचं, की भाऊ गाडी घेऊन आला, अंगणात लावून झोपला आणि रात्री मजुरानं चावी उचलून गाडी नेली. भाऊ त्याला शोधायला गेला आणि तिथंच पकडला गेला. म्हणजे भाऊ सुटतो, माझी गाडी परत येते.

"आणि तो?" मी विचारलं.

"त्याचं काय, ताई? त्याला काय शेत हाय का गाडी? चार महिने आत जाईल. त्याच्या बायकोला आपन धान्य घालू."

"त्याला गाडी चालवता येते?"

भावानं ओट्यावरचा एक खडा उचलून अंगणात टाकला. मग म्हणाला, "कोन बघतंय?"

आई मध्येच म्हणाली, "बाई, तो तुझा पाठचा भाऊ हाय. एक वाक्य बोलायचं हाय तुला. लय मागत नाय मी."

मला आईवर इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. मी म्हटलं, "आई, ससा घरातल्या चुलीवर चालायचा नाही ना तुला? मग हे कसं चालतं?" ती उठून आत गेली. मी भावाला सांगितलं, "चावी मी दिली, तुझ्या हातात दिली. हेच सांगणार." तो उभा राहिला. म्हणाला, "मग या घरात पाय ठेवू नको." मी चपला घातल्या आणि निघाले. स्टँडवर एसटी तासाभरानं होती. उन्हात उभी राहिले, पण परत जाऊन सावलीत बसले नाही.

वनखात्यातल्या सुनावणीच्या दिवशी मजूरही आला होता. त्यालाही बोलावलं होतं. बरोबर बायको, तिच्या कडेवर लेकरू. तो बाकावर न बसता भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. मी जवळ गेले तसा तो उभा राहिला. मी कोण ते सांगितलं. त्यानं हात जोडले, ते मला आवडलं नाही. मी विचारलं, "दादा, तुम्हाला गाडी चालवता येते का?"

"बाई," तो म्हणाला, "मला सायकलबी येत नाय."

त्याला ओझं उचलायला नेलं होतं. शेताचा मालक, म्हणजे माझा भाऊ, चल म्हणाला आणि तो गेला. कुठं चाललोय हे त्याला कळलं नसेल, असं मी म्हणणार नाही. डोंगरातला माणूस, बॅटरी आणि पोतं बघून त्याला कळलंच असेल. मलाही कळलं होतं. फरक एवढाच, की मी नाही म्हणू शकत होते.

आत साहेब टेबलामागं, शेजारी लिहिणारा कारकून, माझ्या बाजूला वकील मॅडम. साहेब सभ्य होते. त्यांनी पाणी दिलं आणि एकेक प्रश्न विचारला. गाडी कोणाची? माझी. चावी कोणी दिली? मी. कोणाला? भावाला. कशासाठी? त्यानं साखरपुडा सांगितला होता.

"तुम्हाला शंका आली नाही?"

मॅडमचं पेन थांबलं. नाही म्हणणं किती सोपं होतं. त्या एका शब्दानं कोणाचं नुकसान होणार नव्हतं, मजुराचंसुद्धा नाही. ते खोटं फक्त माझ्यापुरतं होतं. पण महिन्याभरापूर्वी मी आईशी आणि भावाशी भांडले होते, ते मजुरासाठी, असं मी स्वतःला सांगत आले होते. त्या खुर्चीवर बसल्यावर लक्षात आलं, की तेवढ्यापुरतं नव्हतं. माझ्या नावावरची गाडी, माझ्या हातातली चावी, मग माझी शंका तेवढी कोणाची?

"आली होती," मी म्हटलं. "त्याच्या पिशवीत बॅटरी होती. मी विचारलं. तो म्हणाला गावात लाइट नसते. मी त्याचं ऐकलं."

साहेबांनी कारकुनाला थांबवलं. "ताई, हे असंच लिहायचं? नीट विचार करा."

"लिहा, साहेब. मालकाचं म्हणणं ऐका असं कोर्टानं सांगितलंय ना? हे मालकाचं म्हणणं."

बाहेर आल्यावर मॅडम माझ्यावर चिडल्या. चांगल्याच चिडल्या. "तुम्ही तुमची केस स्वतःच्या हातानं बुडवलीत," त्या म्हणाल्या आणि स्कूटरला किक मारून गेल्या. दोन दिवसांनी फोन करून म्हणाल्या, निकाल विरोधात जाणार, पण अपील मीच करणार, दुसरा वकील बघू नका.

निकाल विरोधात गेला. पुन्हा सरकारजमा. पुन्हा नाशिकचं कोर्ट. यावेळी न्यायाधीश दुसरे होते. मॅडमनी छान बाजू मांडली. शंका म्हणजे माहिती नव्हे, तिनं विचारलं, उत्तर मिळालं, बहिणीनं याहून काय करायचं, असं त्या म्हणाल्या. सरकारी वकिलांनी माझंच वाक्य वाचून दाखवलं. "शंका आली होती." माझ्याच तोंडचे शब्द दुसऱ्याच्या आवाजात ऐकताना कान तापले.

मी उभी राहिले. "साहेब, मी बोलू का?"

मॅडमनी माझा पदर ओढला. न्यायाधीशांनी मान हलवली.

"मी चोरी झाली असं सांगितलं असतं, तर गाडी मिळाली असती ना?"

कोर्टात थोडी कुजबुज झाली. न्यायाधीश म्हणाले, "त्याचं उत्तर मी इथं देऊ शकत नाही. तुम्ही खरं बोललात, हे मला दिसतंय, आणि आदेशात मी तसं लिहीन. पण तुम्ही ज्याच्या हातात गाडी दिलीत, तो शिकारीला गेला. कायद्यानं माझे हात बांधलेले आहेत."

"माझे नव्हते बांधलेले, साहेब," मी म्हटलं आणि खाली बसले. उद्धट वाटलं असेल. वाटू दे.

अपील फेटाळलं. आदेशात माझ्याबद्दल एक ओळ आहे, की मालकानं वस्तुस्थिती लपवली नाही. तिचा गाडीला काही उपयोग झाला नाही. मॅडम म्हणाल्या, हायकोर्टात जाऊ. मी दोन दिवस विचार केला आणि नको म्हटलं. काळवीट मेलं होतं, माझ्या गाडीतून नेलं होतं आणि त्याची किंमत कोणीतरी भरायला हवी होती. ती फक्त मी भरली, याचा मला आजही संताप येतो. पळून गेलेल्या दोन मित्रांपैकी एकालाही कोणी कधी बोलावलं नाही. पण त्या संतापासाठी आणखी चार वर्षं तारखा मोजायची माझी तयारी नव्हती.

नंतर सरकारनं जप्त गाड्यांचा लिलाव काढला. नवरा म्हणाला, आपणच बोली लावू, स्वस्तात मिळेल. मी म्हटलं, "माझीच गाडी मी सरकारकडून विकत घेऊ? ज्याला हवी त्याला घेऊ दे."

आता मी एका निवृत्त गृहस्थांची व्हॅन चालवते. त्यांचे गुडघे गेलेत, त्यांना ड्रायव्हर हवा होता. नवीन पालक आले की मी आधी सगळी गोष्ट सांगते, भाऊ, काळवीट, कोर्ट, सगळं. दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत माझ्याकडून कळलेलं बरं. काहीजण ऐकून घेतात आणि परत येत नाहीत. बरेच जण येतात. निळ्या बाटलीवाल्या मुलीची आई वर्षभरानं आली. तिनं मुलीला पुढच्या सीटवर बसवलं आणि दार लावून घेतलं.

मूळ खटला अजून चालू आहे. माझी साक्ष व्हायची आहे. मजूर आरोपीच आहे, पण गाडी त्यानं नेली असं म्हणायला आता कोणाला वाव नाही. माझा जबाब दोन ठिकाणी लिहिलेला आहे.

मागच्या महिन्यात आई न सांगता आली. सकाळच्या एसटीनं नाशिक रोडला उतरली आणि सरळ माझ्या पहिल्या थांब्यावर येऊन उभी राहिली, हातात कांद्याची पिशवी. मी तिला पुढं बसवलं आणि गाडी पुढच्या सोसायटीकडं घेतली. पिशवी तिनं पायाशी ठेवली.

"त्यानं निरोप दिलाय," मग ती म्हणाली.

"काय?"

"साक्ष फिरव म्हनतो."

मी गिअर बदलला. "मग तू काय म्हणालीस त्याला?"

"म्या म्हनलं, माझी पोरगी माझं तरी कवा ऐकती?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता की आणखी काही, ते मला नीट कळलं नाही. तेवढ्यात पुढचा थांबा आला. दोन मुली दप्तरं सांभाळत चढल्या, एकीनं आपली ड्रॉइंगची लांब गुंडाळी आईच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आजी, ही चुरगळू देऊ नका हं." आई दोन्ही हातांनी ती गुंडाळी उभी धरून शाळेपर्यंत बसून राहिली.